शोक चॅम्पियनचा, प्रश्न रस्त्याचा

शनिवार, २२ एप्रिल २०१७. इटलीच्या मार्के प्रांतातलं फिलोत्रानो हे छोटं गाव. सकाळी आठच्या सुमारास मिकेले स्कारपोनी नेहमीप्रमाणे सरावासाठी सायकल घेऊन घराबाहेर पडला. ‘टूर ऑफ द आल्प्स’ ही पाच दिवसांची शर्यत संपवून तो आदल्याच दिवशी मोकळा झाला होता. त्या शर्यतीचा पहिला टप्पा त्यानेच जिंकला होता. दोन आठवड्यांत सुरू होणाऱ्या शंभराव्या ‘जिरो द’इतालिया’त अस्ताना संघाचं नेतृत्व त्याच्याकडे आलं होतं. गावातल्याच एका चौकात व्हॅनची धडक बसली आणि तो जागीच गेला. वय अवघं ३७.

स्कारपोनीच्या नावावर २०११ची जिरो आहे. अल्बर्टो कोन्तादोर अपात्र ठरल्यानंतर ती त्याला मिळाली. पण चाहत्यांना तो आठवतो तो वेगळ्याच कारणासाठी. २०१६च्या जिरोत कोल्ले देल’अन्येल्लो हा उंच घाट त्याने सगळ्यांच्या आधी पार केला आणि नंतर स्वतःचा टप्पा सोडून आपला सहकारी विन्चेन्झो निबालीसाठी थांबला. ती जिरो निबालीने जिंकली. सरावाच्या वाटेवर एक पोपट येऊन त्याच्या खांद्यावर बसे, ते व्हिडिओही लोकांनी हौसेने पाहिले होते. अशा माणसाच्या अंत्यविधीला हजारोंची गर्दी झाली यात नवल नाही. अस्तानाने त्याच्या जागी दुसरा खेळाडू न घेता एक जागा रिकामी ठेवून जिरो पूर्ण केली. त्या वर्षी मोर्तिरोलोचा घाट त्याच्या नावाने चढला गेला.

हा शोक खराच होता. पण या शोकाचं पुढे काय झालं, हा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. कारण स्कारपोनी शर्यतीत गेला नाही. पायरेनीजच्या उतारावर नाही, पावसात निसटून नाही. तो गेला सकाळी आठ वाजता, गावातल्या चौकात. असे चौक आपल्याकडेही आहेत, आणि असे मृत्यूही.

चेंबूरमधली पहाट

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे सहाच्या आत नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच मार्गावर एका भरधाव टॅक्सीने सायकलस्वाराला धडक दिली. ते होते अवतार सैनी. ‘इंटेल’च्या ३८६ आणि ४८६ या मायक्रोप्रोसेसरच्या रचनेत त्यांचा वाटा होता, पेंटियमच्या रचनेचं काम त्यांच्या नेतृत्वाखाली झालं, पुढे ते इंटेल इंडियाचे प्रमुख होते. राहायला चेंबूरला. वय ६८. ते चॅम्पियन नव्हते, हौशी सायकलपटू होते. पण त्या सकाळी मुंबई आणि नवी मुंबईतल्या सायकलप्रेमींना बसलेला धक्का फिलोत्रानोतल्या धक्क्यापेक्षा फार वेगळा नव्हता. पहाटे निघून उजाडल्यावर घरी परतणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, हा मी असू शकलो असतो.

महाराष्ट्राला सायकल शर्यत परकी नाही. मुंबई-पुणे शर्यतीची परंपरा १९४५पासूनची आहे आणि बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून मान देण्याची पद्धतही जुनी आहे. जानेवारी २०२६मधल्या पुणे ग्रँड टूरमुळे आंतरराष्ट्रीय संघ आपल्याच घाटांतून धावताना लोकांनी पाहिले. खेळाबद्दलचं प्रेम वाढतं आहे. सराव मात्र टॅक्सी, ट्रक आणि टँकर धावतात त्याच रस्त्यांवर करावा लागतो.

न भेटलेल्या माणसाचं दुःख

ज्याला आपण कधी भेटलो नाही, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी का येतं? १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी दूरचित्रवाणीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्याचं वर्णन केलं. समोरच्याला आपण माहीतही नसतो, पण आपल्या मनात त्याची सवय, त्याची लकब, त्याची हार-जीत घर करून बसलेली असते. नातं एकतर्फी असलं तरी ते तुटल्यावर होणारं दुःख खोटं नसतं.

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत हे नातं आणखी घट्ट होतं. इथे स्टेडियम नाही, तिकीट नाही. घाटात उभं राहिलं की जगज्जेता हाताच्या अंतरावरून, धापा टाकत, घामाने निथळत जातो. शिवाय चाहते स्वतः सायकल चालवतात. क्रिकेटच्या चाहत्याला कसोटीच्या मैदानावर खेळायला मिळत नाही. सायकलवेडा मात्र आपल्या नायकाच्याच घाटातून, त्याच्यासारख्याच वाहतुकीतून जातो. म्हणून नायकाच्या मृत्यूत शोकाबरोबर भीतीही असते. शोक काही महिन्यांत ओसरतो. भीती मात्र त्याच रस्त्यावर रोज नव्याने भेटते. तिला ‘नशीब’ म्हणून गप्प करायचं की तिचं कारण शोधायचं, हे आपल्या हातात आहे.

अकाली मृत्यूच्या तीन वाटा

अव्वल सायकलपटूंच्या अकाली मृत्यूंकडे पाहिलं तर तीन वाटा दिसतात. पहिली वाट उत्तेजकं आणि त्यामागचं मन यांची. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्प्सन मों व्हाँतूच्या चढावर कोसळला; प्रचंड उकाडा, थकवा, अँफेटामिन आणि मद्य यांचा तो एकत्रित परिणाम होता. १९९८ मध्ये एकाच वर्षी जिरो आणि टूर द फ्रान्स जिंकणारा मार्को पान्तानी पुढच्याच वर्षी रक्ततपासणीत मर्यादा ओलांडल्यामुळे जिरोतून बाहेर काढला गेला. त्यानंतर तो नैराश्य आणि कोकेनच्या गर्तेत गेला. १४ फेब्रुवारी २००४ रोजी रिमिनीतल्या एका हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता.

दुसरी वाट हृदयाची. एप्रिल २०१८ मध्ये पॅरिस-रूबे शर्यतीत २३ वर्षांचा मिकाएल खोलार्ट्‌स हृदय बंद पडून गेला. तरुण खेळाडूंमध्ये अशा घटनांमागे बहुधा हृदयाच्या स्नायूचा किंवा विद्युतप्रवाहाचा आनुवंशिक दोष असतो. पस्तिशीनंतर मुख्य कारण रक्तवाहिन्यांतला अडथळा. व्यायाम करताना भोवळ येणं, छातीत दाब जाणवणं, घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणं, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणं आहेत. ‘दमलो असेन’ म्हणून सोडून देण्याची नव्हेत.

तिसरी वाट अपघाताची. ती सामान्य सायकलस्वाराच्या सर्वांत जवळून जाते. स्कारपोनी त्याच वाटेने गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये इटलीचाच दाविदे रेबेल्लीन, नुकताच निवृत्त झालेला, सरावात असताना ट्रकच्या धडकेने गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्रेन्तिनोत १९ वर्षांची सारा पिफ्फेर सरावातच मोटारीच्या धडकेत गेली. तिघेही कसलेले, रस्ता कोळून प्यायलेले. सायकल चालवण्याचं कौशल्य त्यांना वाचवू शकलं नाही, कारण चूक कौशल्याच्या पलीकडे घडत होती.

‘मला तो दिसलाच नाही’

सायकलस्वाराला धडक देणारे बरेच चालक हेच वाक्य बोलतात. दर वेळी ते खोटं असतं असं नाही. आपल्या डोळ्यांना स्पष्ट दिसतं ते दृष्टीच्या मध्यावरच्या साधारण दोन अंशांच्या पट्ट्यात. हात लांब केला तर अंगठ्याच्या नखाएवढा तो भाग. बाकीचं चित्र धूसर असतं आणि मेंदू ते अनुभवाने भरून काढतो. चौकात चालक डावी-उजवीकडे झटकन नजर फिरवतो, तेव्हा नजर उड्या मारत जाते आणि प्रत्येक उडीच्या क्षणी मेंदू प्रत्यक्षात काही पाहत नसतो. शिवाय तो शोधत असतो मोटार, बस, ट्रक. सायकलीची अरुंद आकृती त्या दोन उड्यांच्या मध्ये किंवा काचेशेजारच्या खांबाआड सहज हरवते.

त्यात वेळेची भर पडते. पहाटे दोन ते सहा या काळात शरीराचं घड्याळ माणसाला झोपेकडे ओढत असतं. रात्रभर गाडी चालवलेल्या चालकाची प्रतिक्रिया याच वेळी सर्वांत मंद असते. हौशी सायकलपटू नेमके याच वेळी बाहेर पडतात, कारण रस्ता रिकामा असतो. पण रिकामा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे. रिकाम्या रस्त्यावर वेग वाढतो.

वेगाचं गणित साधं आहे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात २५ मीटर पुढे जाते आणि थांबायला आणखी सुमारे २० मीटर घेते. ताशी ३० किलोमीटर वेगाला दोन्ही मिळून १८ मीटर पुरतात. म्हणजे सायकलस्वार २० मीटरवर आडवा आला, तर ३० च्या वेगातली गाडी त्याच्या अलीकडे थांबते. ६० च्या वेगातली गाडी ब्रेक लागण्याआधीच त्याच्यावर आदळते. ताशी ३० ची धडक ही पहिल्या मजल्यावरून पडण्यासारखी, ताशी ६० ची चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धडकेचा वेग ५० वरून ६५ वर गेला की पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. सायकलस्वाराच्या अंगावरही पादचाऱ्याइतकंच कवच असतं.

मग हेल्मेट? ते घालावंच. पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हेही कळायला हवं. सायकलच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी साधारण ताशी २० किलोमीटरच्या आघाताची असते. तोल जाऊन पडलात, डोकं रस्त्यावर आपटलं, तर ते मेंदू वाचवू शकतं. भरधाव मोटारीपुढे ते एकटं पुरत नाही. ‘हेल्मेट घातलं होतं का?’ हा अपघातानंतरचा आपला पहिला प्रश्न असतो. गाडीचा वेग किती होता, हा प्रश्न त्याच्याही आधी यायला हवा.

मग सायकल सोडायची का?

प्रत्येक अशा बातमीनंतर घराघरांत हा विषय निघतो. योगायोग असा, की स्कारपोनी गेला त्याच आठवड्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सायकलवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या २,६३,४५० जणांच्या त्या अभ्यासात कामावर सायकलने जाणाऱ्यांचा मृत्यूचा धोका मोटारीने किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी आढळला. त्याच माहितीवर आधारलेल्या २०२० मधल्या दुसऱ्या अभ्यासाने दुसरी बाजूही मोजली. एक हजार लोकांनी दहा वर्षं कामावर जाण्यासाठी सायकल वापरली, तर इजा होऊन रुग्णालयात जाण्याच्या २६ घटना वाढतील. पण कर्करोगाचे १५ रुग्ण, हृदयविकार-पक्षाघाताच्या ४ घटना आणि ३ मृत्यू कमी होतील.

हा हिशेब ब्रिटनच्या रस्त्यांचा आहे. मुंबईत तो जशाचा तसा लागू होणार नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. सायकलचा फायदा शरीराकडून येतो आणि धोका बहुतांशी रस्त्याकडून. शरीराचा फायदा फिलोत्रानोत, लंडनमध्ये आणि चेंबूरमध्ये सारखाच. धोका मात्र रस्ता कसा बांधला आहे यावर बदलतो. तेव्हा सायकल सोडण्यापेक्षा रस्ता बदलणं हे आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचं.

माहुलच्या रस्त्यावर

चेंबूरहून माहुलकडे निघालं की हा हिशेब आणखी अवघड होतो. एका बाजूला दोन तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना, वीज केंद्र, रसायनांच्या टाक्या. दुसरीकडे जुनं कोळी गाव आणि प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या ७२ इमारती. रस्त्यावर टँकरची वर्दळ. केईएम रुग्णालयाच्या २०१३ मधल्या पाहणीत इथल्या ६७.१ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा श्वास लागण्याची तक्रार सांगितली होती. राष्ट्रीय हरित लवादानेही इथल्या हवेचा धोका मान्य केला. सायकल चालवणारा माणूस बसून प्रवास करणाऱ्याच्या दोन ते पाच पट हवा आत घेतो. म्हणजे इथे तो रस्त्याचा धोका पत्करतो आणि हवेचाही.

अशा भागात सायकल चालवणारा बहुधा हौशी नसतो. तो पाववाला असतो, दूधवाला असतो, कंत्राटी कामाच्या पाळीवर निघालेला कामगार असतो. त्याच्याकडे परावर्तक जॅकेट नसतं, सायकलला दिवा नसतो. सिग्नलला तो टँकरच्या डाव्या बाजूला, कडेला उभा राहतो. कारण तिथेच जागा उरते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याला केबिनलगतची डावी बाजू सर्वांत कमी दिसते. टँकर डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात आणि कडेचा सायकलस्वार त्यात सापडतो. सायकलने जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: अवजड गाडीच्या डाव्या कुशीत कधीही थांबू नये. तिच्या मागे, आरशात चालकाचा चेहरा दिसेल अशा जागी थांबावं.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ४,८३६ सायकलस्वार होते. म्हणजे दिवसाला तेरा. त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला आठवतात? एखादा जगज्जेता किंवा एखादा नामवंत अभियंता जातो तेव्हा बातमी होते. उरलेल्यांसाठी घाट चढला जात नाही, संघ जागा रिकामी ठेवत नाही. त्यांचे चाहते म्हणजे त्यांची बायको-मुलं, आणि त्यांच्यासाठी दुखवट्यापेक्षा मोठा प्रश्न उद्याच्या पगाराचा असतो.

शोकाचा उपयोग

शोक वाया जातोच असं नाही. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडला आणि गेला. त्याआधी १९९५ मध्ये ऑलिम्पिक विजेता फाबिओ कासार्तेल्ली टूर द फ्रान्समध्ये गेला होता. तेव्हा हळहळ झाली, नियम बदलला नाही. किविलेव्हनंतर दोन महिन्यांत जागतिक संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं केलं. स्कारपोनीच्या नावाची संस्था आज रस्ता सुरक्षेसाठी काम करते. इटलीने २०२४ च्या अखेरीस, जिथे शक्य असेल तिथे सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवण्याचा नियम केला.

सर्वांत मोठं उदाहरण नेदरलँड्सचं. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं गेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून ‘मुलांची हत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. आईवडील रस्त्यावर बसले. चळवळीच्या रेट्याने आणि त्याच सुमारास आलेल्या तेलसंकटामुळे सरकार हललं. वेग उतरले, वेगळे सायकलमार्ग झाले. आज तिथला वर्षाचा आकडा सातशेच्या आसपास आहे. सायकलींची जी संस्कृती आपण तिथे जाऊन कौतुकाने पाहतो, तिच्या मुळाशी आईबापांचा शोक आहे.

मुंबईत प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. महापालिकेने तानसा जलवाहिनीलगत ३९ किलोमीटरच्या सायकल मार्गाची ‘हरित वारी, जलतीरी’ योजना हाती घेतली. वांद्रे-कुर्ला संकुलातही मार्ग आखला गेला होता, पण तो फारसा वापरात आला नाही. हौसेचा फेरफटका आणि कामाची वाट यांतला फरक इथे लक्षात घ्यायला हवा. घरापासून कामापर्यंत सलग न जाणारा मार्ग पाववाल्याच्या उपयोगाचा नसतो.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करावं. पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावावा. परावर्तक पट्टी छातीपेक्षा घोट्यावर आणि गुडघ्यावर जास्त उपयोगी ठरते, कारण वरखाली हलणारे पाय ‘हा माणूस आहे’ हे चालकाच्या मेंदूला चटकन सांगतात. चालकांनी सायकल ओलांडताना लेन बदलावी, नुसती वाट काढू नये. आणि अपघात दिसला तर थांबावं. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्याला दिवाणी वा फौजदारी जबाबदारीतून संरक्षण आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. पहिल्या तासात मिळालेला दाब-पट्टा, मोकळा केलेला श्वासमार्ग आणि १०८ ला केलेला फोन यांवर अनेकदा जीव अवलंबून असतो.

पण ही सगळी अखेरची ढाल झाली. पहिली ढाल म्हणजे वेग. वस्तीतल्या, शाळेजवळच्या, बाजाराच्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आणि ती पाळायला लावणारी रस्त्याची रचना: उंचवटे, अरुंद मार्गिका, नीट उजेड असलेले चौक. त्याला मोठा निधी लागत नाही. लागते ती प्रत्येक मृत्यूनंतर ‘वेग किती होता आणि रस्ता असा का होता’ हे विचारण्याची सवय. चॅम्पियनच्या वेळी आपण ते विचारलं, तर त्या दिवशी गेलेल्या उरलेल्या बारा जणांच्या वेळीही विचारलं पाहिजे.